खरेदीखत आणि वहिवाट : गोंदियाच्या तलावमुलुखांतील गांवखरेदीचा अभ्यास

जुन्या मराठी सनदा व खरेदीखतें ज्यांच्या नित्य पाहण्यांत आहेत त्यांस दोन ठराविक वाक्खंड चांगले परिचयाचे असतील. पहिला "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित, खेरीज हकदार व इनामदार करून" हा. आणि दुसरा, विकलेल्या जमिनीस भाऊबंद अगर अन्य कोणी हिल्लाहरकत केल्यास तिचें निवारण विकणारानें करावें, या आशयाचा. कागद लिहिणारा कारकून हे शब्द हातासरशीं लिहून जाई, आणि आजचा संग्राहकहि ते तितक्याच सहजपणें ओलांडून मिति, शिक्का व नांवें यांकडे वळतो. मिति-शिक्क्याचें महत्त्व कोणी नाकारणार नाहीं. परंतु जमिनीच्या व्यवहाराचा इतिहास पाहावयाचा असेल तर कागदाचा जीव याच दोन वाक्खंडांत आहे. पहिल्यांत विकत दिलेल्या वस्तूची व्याप्ति आणि तिच्यावर असलेले परक्यांचे हक्क सांगितलेले असतात. दुसऱ्यांत मालकीवर येणाऱ्या हरकतींचा भार कोणी सोसावयाचा तें ठरविलेलें असतें.

प्रस्तुत लेखांत वैनगंगेच्या पूर्वेकडील तलावमुलुखापुरता, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यापुरता, या दोन गोष्टींचा मागोवा घ्यावयाचा आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. म्हणून त्यापूर्वीचे कागद भंडाऱ्याच्या नांवानें शोधावे लागतात, हें वाचकांनीं ध्यानीं ठेवावें. या मुलुखांत मालकीचा कागद व वहिवाटीचा कागद असे दोन स्वतंत्र कागद होते. आणि दोहोंत विरोध आला तेव्हां तलावांच्या बाबतींत तरी वहिवाटीचा कागद वरचढ ठरला, असें प्रस्तुत लेखकाचें प्रतिपादन आहे.

१. हरकत आणि वहिवाट यांचें मूळ

जमिनीच्या विक्रीस हरकत कोण घेऊं शकेल, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रांत फार पूर्वींच विचारांत आला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें एक जुनें वचन घेतलें आहे. त्याचा भावार्थ असा कीं, भूमि सहा गोष्टींनीं दुसऱ्याकडे जाते : गांवाची, ज्ञातीची, सामंतांची म्हणजे शेजारच्या भूमिधारकांची व दायादांची अनुमति, आणि सुवर्ण व उदक यांचें दान. विज्ञानेश्वराचें विवरण वचनाहूनहि महत्त्वाचें आहे. गांवाची अनुमति व्यवहार उघड व्हावा म्हणून. तिच्यावांचून व्यवहार रद्द होतो असें नव्हे. सामंतांची अनुमति सीमेचा तंटा मिटावा म्हणून. ज्ञातीची व दायादांची अनुमति अशासाठीं कीं, भावांची वांटणी झाली होती कीं नव्हती याचा संशय मागाहून निघूं नये. म्हणजे विकत घेणारास पुढें ज्या ज्या दिशेनें त्रास होण्याचा संभव, त्या त्या दिशेस एक एक अनुमति उभी केलेली आहे. गोतमजलिशीच्या महजरावर पाटील, कुळकर्णी, शेजारी व बलुतेदार यांच्या साक्षी असत, त्यांमागें हाच हेतु दिसतो.

शब्दांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. अरबींतील "हरकत" हा शब्द मूळचा हालचाल या अर्थाचा; मराठींत येऊन तो अडथळ्याचा वाचक झाला. "हिल्ला" म्हणजे बहाणा किंवा युक्ति. हे दोन्ही शब्द दुसऱ्याच्या मालकीस आव्हान देणारे आहेत. "वहिवाट" हा शब्द मात्र निराळ्या वळणाचा आहे. त्यांत वाट आहे, पायाखालीं तुडवून पडलेली वाट. ती कोणी लिहून दिलेली नसते. वर्षानुवर्षें चालण्यानेंच ती होते. हरकत घेणारा म्हणतो, ही जमीन तुझी नव्हे. वहिवाटदार म्हणतो, जमीन तुझी असो, परंतु माझी वाट, माझें पाणी व माझ्या गुरांचा चारा तींतून चालू राहील. विकत घेणाराच्या दृष्टीनें दोन्ही गोष्टी त्याच्या पैशाची किंमत कमी करणाऱ्या. पण पहिलीचें निवारण विकणारा करूं शकतो, दुसरीचें करणें बहुधा त्याच्याहि हातीं नसतें.

२. पाण्यापासून उत्पन्न झालेली मालकी

गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलुखांत धानाचें पीक हा जीवनाचा आधार. पाऊस पुष्कळ, परंतु धान निसवण्याच्या वेळीं तो दगा देतो. म्हणून पाणी सांठवून ठेवण्यावांचून गति नाहीं. दोन टेकड्यांमधील घळ मातीच्या पाळीनें अडवावयाची, जास्तीचें पाणी जाण्यास एका अंगास सांडवा ठेवावयाचा, पाळींतून पाणी सोडण्यासाठीं तुडुम बसवावयाचें, आणि तेथून पाटानें एका बांधींतून दुसऱ्या बांधींत पाणी उतरवीत न्यावयाचें, ही येथील रीत. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. या कामांत कोहळी समाजाचें नांव प्रसिद्ध आहे. गोंड राजांनीं त्यांस काशीकडून आणविलें अशी दंतकथा आहे. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला अशी परंपरा आहे.

शेजारच्या चांदा राज्यांत तलाव बांधणारास त्या तलावानें भिजेल तितकी जमीन देण्याची गोंड राजांची चाल होती. तिला "तुकूम" म्हणत. चंद्रपुरांतील एका वस्तीच्या नांवांत हा शब्द अद्यापि टिकून आहे. या चालीचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. येथें आधीं जमीन व मग पाणी असा क्रम नाहीं. आधीं पाणी, आणि पाणी जेथवर पोंचेल तेथवर जमिनीचा हक्क. चतुःसीमा दगडधोंड्यांनीं नव्हे तर पाटाच्या टोंकानें ठरे. अशा मुलुखांत जमिनीच्या कागदापेक्षां पाण्याची वहिवाट जुनी असावी यांत नवल नाहीं.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत या स्थितींत एक विशेष भर पडली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानें १८२७ सालच्या आपल्या अहवालांत नागपूर राज्यांतील पाटलाची स्थिति वर्णिली आहे. देशावरचा वतनदार पाटील आपलें वतन गोताच्या साक्षीनें विकूं किंवा वांटूं शके. तसा विक्रीयोग्य, वंशपरंपरेचा हक्क नागपूरकडील पाटलास नव्हता. सरकारशीं सारा ठरवून गांव लावणारा तो एक प्रकारें मक्तेदार होता. सारा थकला अगर दुसऱ्यानें चढ केली कीं गांव हातचें जाण्याचा संभव. म्हणून पुणें-सातारा भागांत वतनाच्या व मिराशीच्या खरेदीखतांचे जसे गठ्ठेच्या गठ्ठे मिळतात तसे या भागांत मिळण्याची अपेक्षा ठेवूं नये. जें मालकीचें नाहीं त्याचें खरेदीखत कोण करणार? मात्र तलावाचें पाणी पाटील बदलला म्हणून थांबत नसे. मक्तेदार येत-जात, वहिवाट राही.

३. मालगुजार झाला मालक; त्यानें विकलें काय?

१८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघोजी भोसले निवर्तले, १८५४ सालीं राज्य खालसा झालें, आणि १८६१ च्या नोव्हेंबरांत मध्यप्रांत निर्माण झाला. त्या दशकांतील जमाबंदींत सरकारनें एक मोठी उलथापालथ केली. काल-परवांपर्यंत जो गांवाचा मक्तेदार होता त्यास मालगुजार या नात्यानें गांवाची मालकी बहाल झाली. भंडारा जिल्ह्याच्या या पहिल्या जमाबंदीचा लॉरेन्सचा अहवाल १८६७ चा आहे. गांव आतां विकतां येऊं लागलें, गहाण टाकतां येऊं लागलें, आणि दिवाणी हुकुमनाम्याखालीं लिलावांत निघूं लागलें. गांवाचे हिस्से आण्या-पैंत मोजले जात. सगळें गांव म्हणजे सोळा आणे. चार आणे हिस्सा विकला तर तलावाचा कोणता चतुर्थांश विकला, हा प्रश्न खरेदीखतांत क्वचितच सुटत असे.

अशा खरेदीनें घेणाराच्या हातीं काय येई? कुळांकडून लगान वसूल करण्याचा हक्क, पडीत जमीन, झुडपी जंगल, तलाव, सीर व खुदकास्त. आणि काय येत नसे? मालिक-मकबुजा म्हणून ज्यांच्या शेतांची मालकी जमाबंदींतच स्वतंत्र मान्य झाली होती ते भूखंड. मौरुशी कुळांचे कब्जे. आबादींत राहणाऱ्यांचीं घरें. आणि सर्व गांवाचा निस्तार. निस्तार हा संस्कृत शब्द तरून जाणें या अर्थाचा. मध्यप्रांताच्या महसुली भाषेंत तो दैनंदिन गरज भागविण्याचा वाचक झाला : सरपण, नांगर-वखराचें लाकूड, चराई, गुरांचें पाणी, धुणें, मातीकाम, मसणवट. खरेदीखतांत "सोळा आणे गांव, सर्व हक्कांसह" असें लिहिलें असलें तरी हें सर्व त्याच्या बाहेर राही. जुन्या सनदेंतील "खेरीज हकदार" हे शब्द नव्या खतांतून कधीं लिहिले जात, कधीं नाहीं. वस्तुस्थिति तीच राहिली.

सिरीच्या जमिनीचें उदाहरण अधिक बोलकें आहे. सावकारीच्या वाटेनें मालगुजाऱ्या परक्यांच्या हातीं जाऊं लागल्यावर सरकारास चिंता वाटली, आणि १८९८ च्या कुळकायद्यानें असें ठरविलें कीं, गांवाची मालकी गेली तरी जुना मालगुजार आपल्या सिरींत मौरुशी कूळ म्हणून राहील. सीर कसण्याचा हक्कहि विकावयाचा असेल तर तसें स्पष्ट ठरवावें लागे व सरकारी मंजुरी घ्यावी लागे. १९२० च्या कायद्यानेंहि हें संरक्षण पुढें चालू ठेवलें. म्हणजे नव्या मालकानें गांव घेतलें, फेरफारांत नांव लागलें, आणि गांवांतील सर्वांत चांगल्या बांध्यांत मात्र जुन्या मालकाचाच नांगर चालू, असा प्रसंग येई. या काळचें एखादें खरेदीखत हातीं आल्यास त्यांत सिरीविषयीं स्वतंत्र वाक्य आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. तें नसल्यास घेणारानें काय घेतलें याचा अंदाज अर्ध्यावर आणावा लागेल.

४. वाजिब-उल-अर्ज

खरेदीखताबाहेर राहिलेले हे हक्क लिहिले कोठें गेले? त्याचें उत्तर "वाजिब-उल-अर्ज" या कागदांत आहे. शब्दाचा अर्थ, निवेदन करण्यास योग्य तें. उत्तरेकडील महसूलपद्धतींतून हा प्रकार मध्यप्रांतांत आला. जमाबंदीच्या वेळीं प्रत्येक गांवच्या रूढींची नोंद करून तो कागद गांवच्या दफ्तरास जोडीत. तलावाचें पाणी कोणाच्या शेतास मिळावें, प्रथम कोणास व नंतर कोणास, त्याबद्दल कांहीं द्यावयाचें कीं नाहीं, पाळ फुटल्यास मेहनत कोणी करावयाची, गाडीवाट कोठून, चराई कोठें, मासे कोणाचे, असे प्रश्न त्याच्या कक्षेंत येत. मध्यप्रांताच्या १८८१ व १९१७ च्या जमीनमहसूल कायद्यांनीं गांवच्या या नोंदींस कायद्याचा आधार दिला.

संशोधकाच्या दृष्टीनें या कागदाचें वैशिष्ट्य असें कीं, तो कोणीहि कोणास लिहून दिलेला नाहीं. खरेदीखतास देणारा व घेणारा असतो. सनदेस धनी व चाकर असतो. वाजिब-उल-अर्जास दोन पक्ष नाहींत. गांवांत चालत आलेलें काय, एवढेंच तो सांगतो. म्हणूनच राजघराण्यांच्या दफ्तरांत तो सांपडत नाहीं आणि संग्राहकांच्या नजरेस येत नाहीं. त्यावर सुंदर शिक्का नसतो, मजकूर रुक्ष असतो, आणि एका गांवचा कागद दुसऱ्या गांवच्या कागदासारखाच वाटतो. परंतु त्यांतील एखाद्या ओळीचा फरक म्हणजे शंभर बांध्यांच्या पाण्याचा फरक असतो.

५. १८८२ चे दोन कायदे

१८८२ हें वर्ष या विषयांत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं मालमत्ता हस्तांतराचा कायदा व सुखाधिकाराचा, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, असे दोन्ही झाले. पुण्या-मुंबईच्या वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु हे दोन्ही कायदे भंडाऱ्यास लागू झाले तेव्हां मुंबई इलाख्यास लागू नव्हते. सुखाधिकाराचा कायदा आरंभीं मद्रास, मध्यप्रांत व कूर्ग एवढ्यांपुरताच होता. मुंबईस तो १८९१ मध्यें आला. हस्तांतराचा कायदा मुंबईस १ जानेवारी १८९३ पासून लागला. म्हणजे तिरोड्याच्या बाजूस जो व्यवहार लिखित कायद्यानें मोजला जात होता, तोच पुण्यांत अजून रूढि व न्यायाधीशाची सद्सद्विवेकबुद्धि यांवर चालत होता.

हस्तांतराच्या कायद्याचें ५५ वें कलम म्हणजे जुन्या खतांतील हिल्लाहरकतीच्या वाक्याचाच विस्तार होय. मालमत्तेंत किंवा मालकींत असलेलें महत्त्वाचें वैगुण्य विकणारास ठाऊक असून घेणारास ठाऊक नसेल, व साधारण काळजी घेऊनहि तें घेणारास कळण्यासारखें नसेल, तर विकणारानें तें उघड केलें पाहिजे. मालकीचे कागद दाखविले पाहिजेत. आणि आपण जो हक्क विकतों तो अस्तित्वांत आहे व तो विकण्याचा आपणांस अधिकार आहे, अशी हमी त्यानें दिली असें कायदा धरून चालतो, मग ती खतांत लिहिलेली असो वा नसो. मात्र उभयतांनीं विरुद्ध करार केला असेल तर गोष्ट निराळी. साठेखत होऊन इसार दिल्यानंतर जर मालकींत खोट निघाली तर? १८७७ च्या विशिष्ट साहाय्याच्या कायद्यानें सांगितलें कीं, वाजवी संशयापासून मुक्त अशी मालकी जो देऊं शकत नाहीं त्यास घेणारावर कराराची सक्ती करवितां येणार नाहीं. १९६३ च्या नव्या कायद्यानेंहि हेंच तत्त्व राखलें. विज्ञानेश्वरानें दायादांची अनुमति ज्या संशयासाठीं सांगितली तोच हा संशय.

वहिवाटीच्या हक्काची गति मात्र निराळी आहे. "साधारण काळजी" या शब्दांपाशीं घेणाराची तक्रार लंगडी पडते. पाट शेतांतून वाहतांना दिसतो. तुडुम पाळींत उघड असतें. गाडीची चाकोरी जमिनीवर उमटलेली असते. आणि जें डोळ्यांस दिसत नाहीं तें वाजिब-उल-अर्जांत पाहावयास मिळतें. अशा स्थितींत मला ठाऊक नव्हतें असें घेणारानें म्हणण्यास फारशी जागा उरत नाहीं. सुखाधिकाराच्या कायद्यानें वीस वर्षांच्या निर्वेध, उघड व हक्क म्हणून केलेल्या उपभोगानें असा हक्क पक्का होतो असें सांगितलें, आणि स्थानिक रूढीनें उत्पन्न होणाऱ्या हक्कांसहि जागा ठेवली. बांध्यांच्या मुलुखांत आणखी एक तत्त्व नित्य उपयोगी पडे. एकाच मालकाच्या वरच्या व खालच्या अशा दोन बांध्या असून खालची विकली, व तिला पाणी वरचींतूनच येत असेल, तर असा उघड व सतत चालणारा पाण्याचा मार्ग खतांत नमूद नसला तरी, उलट ठराव नसल्यास, विकलेल्या बांधीबरोबर जातो. कारकुनानें न लिहिलेलें पाणी कायद्यानें लिहून दिलें.

येथवरचा निष्कर्ष असा : मालकीवरील हरकत हा विकणाराचा भार राहिला, उघड वहिवाट हा घेणाराचा. ज्यानें खरेदीखत वाचलें पण गांवचा कागद वाचला नाहीं, त्यास आपली उणीव दुसऱ्याच्या माथीं मारतां येत नव्हती.

६. १९५१ : वहिवाटीनें मालकी ठरविली

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश राज्यानें मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारांचे हक्क सरकारांत जमा झाले. कायद्यास सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें गेलें. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव यांचा खटला त्यांतलाच. १९५२ सालीं कायदा टिकला. १६ मार्च १९५० नंतर मालगुजारांनीं केलेलीं हस्तांतरें सामान्यतः रद्द ठरविण्याची तरतूदहि त्यांत होती. म्हणजे त्या तारखेनंतरचें या भागांतील गांवाचें किंवा जंगलाचें खरेदीखत हातीं आल्यास त्याचा पुढें काय परिणाम झाला हें पाहिल्यावांचून त्यास व्यवहाराचा पुरावा मानूं नये.

प्रस्तुत विषयास सर्वांत महत्त्वाचें आहे तें या कायद्याचें पांचवें कलम, व त्यांतहि तलावांविषयींचा भाग. कब्जाच्या जमिनींतील तलाव पूर्वीच्या धन्याकडेच राहिले. म्हणून या भागांत खाजगी बोड्या आजहि दिसतात. परंतु गांवठाण व कब्जाची जमीन यांच्या बाहेर जो तलाव असेल, तो मालगुजाराकडे राहावयाचा तर एक अट होती : त्या तलावांत मालगुजाराखेरीज दुसऱ्या कोणाचाहि सिंचनाचा किंवा निस्ताराचा हक्क असतां कामा नये. तलावाचें बूड स्वतः मालगुजाराच्या लागवडीखालीं असेल तर त्यास निराळी सवलत होती. सामान्यतः मात्र, दुसऱ्याचा हक्क आहे तो तलाव सरकारचा. नाहीं तो मालगुजाराचा.

या अटीनें नव्वद वर्षांचा हिशेब उलटा झाला. त्यापूर्वीं वहिवाट हें मालकीवरचें एक ओझें होतें. मालक कायम, त्याच्या मालकीवर वहिवाटदाराचा थोडासा भार, अशी कल्पना. आतां वहिवाट असणें वा नसणें यावरच मालकी ठरूं लागली. तलाव कोणाच्या बापजाद्यांनीं बांधला, कोणत्या खतानें घेतला, किती रुपये मोजले, हे प्रश्न मागें पडले. अमुक तलावाच्या पाण्यानें अमुक कुळांचीं शेतें भिजतात, अगर गांवचीं गुरें तेथें पाणी पितात, अशी नोंद गांवच्या कागदांत असली तर ती मालकाच्या खरेदीखतासमोर उभी राहिली. ज्या कागदास धनी-चाकर, देणारा-घेणारा असा कोणताच पक्ष नव्हता त्यानें पक्षकारांचे कागद मागें सारले. पूर्व विदर्भांत लोक ज्यांस आज "मामा तलाव" म्हणतात ते हेच माजी मालगुजारी तलाव होत. मालगुजाराचें नांव लोकांनीं तलावास ठेवलें, परंतु तलाव मालगुजाराकडे ठेवला नाहीं.

७. मोल देऊन घेतलेला, पण न टिकलेला हक्क

याच्या अगदीं उलट असें एक उदाहरण भंडारा जिल्ह्याच्याच संबंधांत घडलें, आणि तें सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या निवाड्यांत, "शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य" या नांवानें, छापलेलें आहे. १९५६ पासून १९६० पर्यंत विदर्भ मुंबई राज्यांत होता, म्हणून प्रतिवादीच्या जागीं मुंबईचें नांव. एका जमीनदारानें आपल्या पत्नीस २६ एप्रिल १९४८ रोजीं २६,००० रुपये मोबदल्याचा एक कागद लिहून दिला. त्यानें तिला जमीनदारीच्या जंगलांत शिरून बांबू, सरपण व सागवान तोडून नेण्याचा हक्क दिला होता. मुदत डिसेंबर १९६० पर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून अधिक. कागद नोंदणी केलेला नव्हता. १९५१ सालीं जमीनदारी सरकारांत गेली. पुढें १९५५ मध्यें भंडाऱ्याच्या डेप्युटी कमिशनरांकडून बाईंस अनुकूल हुकूम मिळाला, परंतु १९५६ सालीं जंगलखात्यानें काम बंद पाडलें, आणि त्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या.

सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्यासह पांच न्यायमूर्तींनीं अर्ज फेटाळला. कारण सरळ होतें. दुसऱ्याच्या जमिनींत जाऊन तेथें उगवणारी वस्तु तोडून नेण्याचा हक्क हा जमिनीपासून निघणारा लाभ आहे. तो स्थावराचाच अंश. शंभर रुपयांवरील अशा हक्कास नोंदणी झालेलाच कागद पाहिजे. तो नसल्यानें हक्क पोंचलाच नाहीं. आणि हा नुसता करार होता असें मानलें तर तो करणारा जमीनदार बांधला गेला, सरकार त्यांत पक्षकार नसल्यानें बांधलें गेलें नाहीं. न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस, ज्यांच्या आयुष्याचा मोठा काळ नागपूरच्या न्यायालयांत गेला होता, यांनीं स्वतंत्र निकालपत्रांत झाड व इमारती लांकूड यांतला भेद विशद केला. लौकर तोडावयाचें तें लांकूड जंगम मानतां येईल. परंतु जें झाड अद्यापि जमिनींतून रस घेऊन वाढावयाचें आहे तें जमिनीचाच भाग. बारा वर्षें तोडीत राहण्याचा हक्क घेतला म्हणजे जी झाडें अजून लहान आहेत त्यांची वाढहि घेतली. आणि वाढ ही जमिनीची देणगी होय.

"तृण, काष्ठ" हे शब्द सनदांतून वाचतांना ते केवळ शोभेचे वाटतात. १९५८ सालीं "काष्ठ" या एका पदाचा अर्थ देशाच्या सर्वोच्च न्यायालयास करावा लागला. तेंदूपानांच्या बाबतींतहि हाच वाद झाला. गोंदिया हें विडीच्या धंद्याचें मोठें ठाणें. मालगुजारांशीं पानतोडीचे करार करणाऱ्या विडी-व्यावसायिकांस एका खटल्यांत आरंभीं न्यायालयाचा आश्रय मिळाला, परंतु १९५९ च्या महादेव खटल्यांत न्यायालयानें उलट मत दिलें व असे करारहि जमिनींतील हक्काच्या कोटींत घातले.

आतां दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. बांधीच्या कुळानें पाण्यासाठीं रुपया मोजलेला नाहीं, कागद करून घेतलेला नाहीं, नोंदणीच्या कचेरीची पायरी चढलेला नाहीं. तरी त्याच्या वहिवाटीपुढें मालगुजाराची मालकी हटली. जमीनदाराच्या पत्नीच्या कागदांत २६,००० रुपयांचा आंकडा आहे, तारीख आहे, मुदत आहे; तरी हक्क टिकला नाहीं. कागद असून नोंदणी नाहीं त्यापेक्षां कागद नसून वहिवाट आहे, तें बळकट ठरलें. यास विरोधाभास समजूं नये. खाजगी व्यवहारानें निर्माण केलेल्या हक्कास कायदा कागदाची कसोटी लावतो. गांवाच्या सामुदायिक हक्कास वहिवाटीची. या दोन कसोट्यांची गल्लत झाली कीं इतिहासकारहि चुकतो आणि विकत घेणाराहि फसतो.

८. संग्राहकांस विनंति

निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हे कागद केवळ भूतकालीन नाहींत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत विदर्भासाठीं त्यांची स्वतंत्र तरतूद आहे. सिंचन, रस्ता, मासेमारी यांसारख्या हक्कांच्या नोंदी वाजिब-उल-अर्जांत असतात, आणि ती नोंद ज्यास मान्य नसेल त्यानें ती प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आंत दिवाणी न्यायालयांत जावें, एरवीं ती निर्णायक समजली जाते. म्हणून गोंदिया भागांत आजहि शेत घेणारानें सात-बारा व फेरफार पाहून थांबूं नये. गांवचीं हीं दोन पत्रकें पाहावीं आणि पाट कोठून कोठें जातो तें शेतावर उभें राहून पाहावें.

संशोधकांस व संग्राहकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, खरेदीखताची नक्कल करतांना ठराविक मजकूर म्हणून "वगैरे" लिहून तो गाळूं नये. चतुःसीमा, "सहित" व "खेरीज" यांखालीं आलेलें प्रत्येक पद, आणि हरकतनिवारणाचें वाक्य अक्षरशः उतरून घ्यावें. एका खतांत "जल" आहे व शेजारच्या खतांत नाहीं, हा भेद कारकुनाचा विसर कीं व्यवहारांतील खरा फरक, हें अनेक नकला जमल्यावरच कळेल. दोन, मालगुजारांच्या वाड्यांतून खरेदीखतांबरोबर वाजिब-उल-अर्जाच्या नकला, पाण्याच्या पाळीच्या याद्या, तलावाच्या दुरुस्तीचे हिशेब सांपडल्यास ते रुक्ष म्हणून बाजूस टाकूं नयेत. त्याच गांवच्या खतास ते जोडून ठेवावे. तीन, कागदावर तलावाचें किंवा पाटाचें नांव आल्यास तें आजच्या कोणत्या तलावास लागू पडतें, हें गांवच्या वृद्धांकडून विचारून त्याच वेळीं टिपून ठेवावें. पाळी फुटल्या, बोड्या बुजल्या आणि नांवें विसरलीं, म्हणजे कागद हातीं असूनहि तो कोणत्या पाण्याविषयीं बोलतो हें सांगणारा कोणी राहणार नाहीं.